खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेताय? आधी मीठ तपासा

कोल्हापुरात गोड्या पाण्याचे मासे पाळणारे पुष्कळ आहेत, खाऱ्या पाण्याची टाकी मात्र फार थोड्यांकडे दिसते. त्यामुळे ती कशी असावी हे ग्राहकाला माहीत नसतं. याचाच फायदा घेऊन टाक्या बसवून देणाऱ्या एकाने माझ्याकडून जवळपास सगळी रक्कम आधी घेतली आणि समुद्राच्या नावाखाली भलतंच बसवून दिलं. तक्रार चालू आहे, म्हणून त्याचं नाव देत नाही. पण त्याने काय केलं ते नीट सांगतो, कारण हे इचलकरंजीत, सांगलीत, कुठेही होऊ शकतं.

ठरलं होतं ते असं: वर मुख्य टाकी, खाली कपाटात संप, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी, आणि त्याच संपात रेफ्युजियम. रेफ्युजियम म्हणजे वेगळा कप्पा. त्यात किटोमॉर्फा नावाचं समुद्री शेवाळ वाढवतात. ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं, त्याच्या गुंत्यात कोपेपॉडसारखे बारीक जीव माशांपासून सुरक्षित राहतात. वरचे दिवे मालवले की खालचा दिवा लावायचा, म्हणजे रात्री पाण्याचा पीएच फार घसरत नाही. हे सगळं त्यानेच मला अगदी छान समजावलं होतं. ज्ञान पक्कं होतं त्याचं, आणि याचाच मला जास्त राग येतो.

मीठ त्याने बिनलेबलच्या पिशव्यांतून आणलं. "मोठ्या पोत्यातून काढलंय साहेब, तुम्हाला स्वस्त पडावं म्हणून." पाण्यात विरघळवून माझ्यासमोर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र लावलं, समुद्राच्या पाण्याइतकी घनता, 1.025 दाखवली. आकडा बरोबरच होता. पण हे यंत्र पाण्यातून प्रकाश किती वळतो एवढंच बघतं. मीठ कुठलं आहे, हे ते सांगत नाही. स्वयंपाकाचं मीठ टाकलं तरी तोच आकडा येतो.

रेफ्युजियममध्ये हिरवी झुपकेदार वनस्पती सोडली आणि बाटलीतलं बॅक्टेरियाचं औषध ओतून म्हणाला, "उद्या मासे सोडा, बिनधास्त." काही दिवसांतच ती वनस्पती गळून पाण्यात चिखल झाला. क्लीनर कोळंब्या गेल्या, पाठोपाठ क्लाउनफिशची जोडीही. फोन केला की एकच उत्तर: "कोल्हापूरचं पाणीच जड आहे, त्याला मी काय करणार?" पाणी तर त्याच्याच सांगण्यावरून आरओचं वापरलं होतं.

माझा भाचा रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. तो टेस्ट किट घेऊन आला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम 400 मिलिग्रॅमच्या वर आणि मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास लागतं. आमच्या पाण्याचा रंग पहिल्या थेंबांनाच बदलला, म्हणजे कॅल्शियम जवळजवळ नव्हतंच. "मामा, हे समुद्राचं पाणी नाही, नुसतं मिठाचं आहे," तो म्हणाला. आणि ती वनस्पती हॉर्नवर्ट निघाली, गोड्या पाण्यातली. किटोमॉर्फा हाताला खरखरीत लागतं, गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासारखं. त्याला मुळं, देठ, पानं असं काही नसतं. एवढी खूण पुरते.

जाब विचारायला गेलो तर पैसे परत देणं राहिलं बाजूला, उलट कोकणातून पोवळ्याचे "जिवंत दगड", म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया बसलेले दगड, आणून देतो म्हणाला, वर आणखी पैसे मागून. भाच्याने तिथेच थांबवलं. पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षण आहे. असा दगड घरात सापडला तर गुन्हा ग्राहकावरही दाखल होऊ शकतो. सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात, त्यांच्यावरही बॅक्टेरिया बसतात. वेळ लागतो एवढंच, साधारण 4 ते 6 आठवडे. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत कुणी मासे सोडायला सांगितलं, तर त्याला तुमच्या माशांची काही पडलेली नाही असं समजा.

आणखी एक तपासा. पंप चालू असताना वीज घालवून बघा. वरचं पाणी खाली उतरतं, ते मावण्याइतकी जागा संपमध्ये मोकळी हवी. आमच्याकडे नव्हती. पहिल्याच लोडशेडिंगला खोलीभर खारं पाणी झालं.

मीठ सीलबंद घ्या, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर बघून. ते पाण्यात मिसळल्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता तिन्ही चाचण्या विक्रेत्यासमोर करा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहून मागा. माझ्या बिलावर नुसतं "फिश टँक सेट" आहे आणि तो आता त्याच्याच आड लपतोय. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाण्याचा नमुना, चाचण्यांचे फोटो आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवलेत. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. याच पद्धतीने आणखी कुणाची फसवणूक झाली असेल, तर बिल आणि मेसेज फेकू नका, तुम्हीही तक्रार नोंदवा.