लांब राइडसाठी एअर सीट घ्यावी का? काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एअर सीट म्हणजे बाइकच्या सीटवर पट्ट्यांनी बांधायची हवेची गादी. उन्हात, पावसात, थंडीत, घाटात, सरळसोट हायवेवर, सगळीकडे वापरून झालीय, त्यामुळे आता ठामपणे सांगतो, दिवसाला चारशे-पाचशे किमी किंवा त्याहून जास्त चालवत असाल तर नक्की घ्या. फक्त तिच्यात हवा किती ठेवायची ते जमेपर्यंत ती चांगली की वाईट हे ठरवू नका. ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी "काही फरक पडत नाही यार" म्हणून ती काढून ठेवली त्या सगळ्यांच्या गाद्या मी हात लावून बघितल्यात, टम्म फुगवलेल्या होत्या.

मुळात दुखतं का ते आधी बघू. बसल्यावर शरीराचं बरंचसं वजन बुडाखालच्या दोन हाडांवर येतं, हात खाली घालून बसलात तर ती हाताला लागतात. त्या हाडांच्या आणि सीटच्या मध्ये जे मांस दबतं त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या साधारण ३२ मिमीपर्यंतच असतो, आणि बाइकच्या सीटवर त्या जागी येणारा दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो. रक्त नीट फिरत नाही, मग आधी मुंग्या, मग जळजळ, मग दर दहा मिनिटांनी फुटपेगवर उभं राहणं. कंपनीच्या मऊ सीटवर शोरूममध्ये बसलं की एकदम मस्त वाटतं पण तासाभराने तोच फोम दबून जातो आणि हाड जवळजवळ बेसला टेकतं, म्हणून मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट हे समीकरण लांब राइडला चालत नाही.

एअर सीटमध्ये छोटे छोटे हवेचे सेल असतात आणि ते आतून एकमेकांना जोडलेले असतात. एका सेलवर वजन आलं की तिथली हवा बाजूच्या सेलमध्ये जाते, त्यामुळे दाब दोन टोकांवर न राहता मांडीपर्यंत पसरतो. दिवसभर व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून अशाच गाद्या वापरतात, म्हणजे कल्पना चांगली पारखलेली आहे. पण हवा इकडून तिकडे जायला सेलमध्ये जागा लागते, आणि गादी गच्च भरली की ती जागाच उरत नाही, मग तुम्ही फुग्यावर बसलेले असता.

हवा लावायची माझी पद्धत सांगतो. गादी पूर्ण फुगवायची, राइडचे सगळे कपडे घालून बाइकवर नेहमीसारखं बसायचं, पाय फुटपेगवर, हात हँडलवर (बाइक मेन स्टँडवर असेल किंवा कोणी धरलेली असेल तर उत्तम), आणि मग व्हॉल्व्ह किंचित फिरवून हवा हळूहळू सोडत राहायची. सुरुवातीला आपण तरंगतोय असं वाटतं, मग खाली जाता जाता एका क्षणी बुडाला सीट लागल्यासारखी वाटते, तिथे व्हॉल्व्ह बंद. मग ग्लोव्ह काढून हात खाली सरकवून बघा, हाडाखाली एक-दीड सेंमी हवा राहिली पाहिजे, बस तेवढीच. नुसती बघितली तर गादी अर्धवट रिकामी दिसते आणि नवीन माणूस हमखास परत फुगवायला जातो. फुगवू नका! कमी हवेचा दुसरा फायदा वळणावर कळतो, भरलेल्या गादीवर बूड डावी-उजवीकडे डोलतं आणि बाइक वेगळी, आपण वेगळे असं वाटतं, हवा कमी केली की ते जवळजवळ जातं. तरी वळणावळणाच्या रस्त्यावर ज्यांना जोरात चालवायला आवडतं त्यांना सीटचा थेट फील थोडा कमी मिळेल, तेवढं धरून चाला.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, ती म्हणजे उंची. समुद्रसपाटीला हवा लावून ३००० मीटरवर गेलात तर बाहेरचा हवेचा दाब जवळपास ७० टक्क्यांवर येतो आणि बंद गादीतली हवा तेवढी फुगायला बघते, सकाळी परफेक्ट असलेली गादी वरती दगड होते. चढताना थांबून थोडी सोडायची आणि उतरल्यावर परत तोंडाने दोन-चार फुंका मारायच्या. कडक उन्हात उभी केलेल्या बाइकवरही हेच होतं.

उकाड्यात सेलच्या मधून वारा खेळतो, घाम साचत नाही, हा मला दाबाइतकाच मोठा फायदा वाटतो कारण ओल्या कपड्याने चामडी सोलवटली की दुसऱ्या दिवशी कुठलीच सीट कामाची नाही. आत जाड शिवणीची सुती चड्डी घालू नका, घाम लवकर सुकवणारी, बिनशिवणीची घ्या. पावसात मात्र कव्हर पाणी धरून ठेवतं, रेनपँट चांगली नसेल तर ओल्यातच बसावं लागतं.

आता मुद्दा असा की बूड शांत झालं की आधी न जाणवलेली दुखणी वर येतात. सिंगल सिलिंडर इंजिनच्या व्हायब्रेशनने बोटं बधिर होतात, त्यावर गादी काय करणार? गुडघ्यांनी टाकी धरायची, पोट-पाठीने शरीर तोलायचं आणि ग्रिप हलकी सोडायची, मनगटावर वजन टाकून बसायचं नाही. दुसरं कान. हायवे स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो, आणि ८५ डेसिबलचा आवाज कानाला ८ तास चालतो हे प्रमाण धरलं तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. इअरप्लग घालायला लागल्यापासून संध्याकाळी डोकं जड होत नाही, हॉर्न तर व्यवस्थित ऐकू येतो. आणि पाणी, वाऱ्यात घाम लगेच उडतो म्हणून तहान कळतच नाही, नळीची पाण्याची बॅग पाठीवर असली की चालता चालता घोट घेता येतो.

आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या बाइकस्वारांच्या संघटनेची २४ तासांत १००० मैलांची राइड असते ना, ती भागून बघा, १६०९ किमी म्हणजे सगळे थांबे धरून सरासरी ताशी ६७ किमी. वेगाने पळायची गरजच नाही, फक्त दुखतंय म्हणून थांबणं कमी व्हायला हवं, आणि नेमकं तिथेच ही गादी उपयोगी पडते. पण दुखत नाही म्हणून थांबायचंच नाही असं करू नका, दोन तासांनी उतरून पाय मोकळे कराच. बूड दुखत नसलं तरी झोप येते, डोळे थकतात, आणि पूर्वी दुखण्यामुळे आपोआप होणारा ब्रेक आता स्वतः आठवणीने घ्यावा लागतो.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. उंची कमी असेल तर गादी लावून दोन्ही पाय नीट टेकतायत का बघा, योग्य हवेवर दोन-एक सेंमी तरी वाढतात. आणि सीटपेक्षा रुंद साइज घेऊ नका, कडा बाहेर लोंबतात आणि मांडीला घासतात. पट्ट्या सीट काढून खालून ओढून बांधा, नुसती वरून बांधलेली गादी ब्रेक मारल्यावर पुढे सरकते. जास्तीचा पट्टा गुंडाळून टाका, चेनजवळ किंवा सायलेन्सरजवळ लोंबता कामा नये. पंक्चर पॅच टूलकिटमध्ये असू द्या, आणि राइडच्या आदल्या रात्री गादी फुगवून वर वजन ठेवा, सकाळी बसलेली दिसली तर आधी व्हॉल्व्ह बघा, बहुतेक वेळा तिथे बारीक माती अडकलेली असते.