बायोमचे अकरा महिने, सात नंबरची पावती आणि ६४ ‘एक्स्प्लनेशन’

काल संध्याकाळी आमच्या ज्युनिअरची पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोड) बघत होते. एका ओळीच्या डोक्यावर बायोम-इग्नोरची कॉमेंट, म्हणजे कोड तपासणाऱ्या बायोमला ‘इथे हा नियम लावू नको’ असं सांगणारी टीप, पुढे नियमाचं नाव, मग कोलन, आणि कोलनच्या पुढे टोकदार कंसात नुसतंच ‘एक्स्प्लनेशन’. म्हटलं, अजून किती आहेत ते तरी बघू. सगळ्या प्रोजेक्टात शोध मारला तर ६४ निघाले. त्यातले ११ माझे. ईएसलिंट (तेही कोडमधल्या चुका शोधणारंच साधन) सोडून बायोमवर आल्याला अकरा महिने होत आले, रिव्ह्यू लिहू लिहू म्हणत होते, तो शेवटी या चिडचिडीत लिहायला घेतलाय. थोडा तिखट लागला तर चालवून घ्या.

बायोम काय आहे ते बहुतेकांना माहीत असेल. रोम नावाचा प्रकल्प थांबल्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच कोडमधून उभं राहिलं, रस्ट भाषेत लिहिलंय, लिंटर (चुका शोधणारा) आणि फॉरमॅटर (मांडणी नीट करणारा) एकातच. बाकी पुराण लावत नाही.

आमचं दुकान छोटं. कोथरूडमधल्या एका इमारतीत, टू बीएचके फ्लॅटमध्ये चार माणसं, आणि हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं नि पावत्यांचं सॉफ्टवेअर. साडेसहाशेच्या आसपास फायली, निम्म्या जावास्क्रिप्ट, निम्म्या टाइपस्क्रिप्ट. त्यावर ईएसलिंट ८, फॉरमॅटिंगला प्रेटियर आणि १३ प्लगइन. माझा लॅपटॉप ८ जीबीचा. नवीन मागितला की सर विचारतात, “चालतोय ना हा?” चालतो हो. एडिटर, ब्राउझर आणि ईएसलिंट एकदम उघडलं की बैलगाडीसारखा चालतो.

बदलायचं कारण असं की ५ ऑक्टोबर २०२४ ला ईएसलिंट ८ चा सपोर्ट संपला, आणि ईएसलिंट ९ मध्ये कॉन्फिगची (नियमांच्या सेटिंगची) पद्धतच बदलली. जुनी फाइल जाऊन सगळं नव्या फ्लॅट कॉन्फिगमध्ये मांडायचं. आमची जुनी फाइल ज्याने लिहिली तो केव्हाच परदेशी गेला. मग विचार केला, नाहीतरी सगळं नव्याने मांडायचंच आहे तर घरच का बदलू नये? त्यात कमिटच्या हुकला, म्हणजे कोड नोंदवताना आपोआप होणाऱ्या तपासणीला, ३८ सेकंद लागायचे, त्यामुळे आम्ही चौघंही बिनदिक्कत नो-व्हेरिफाय (‘तपासू नको’) लावून कमिट करायचो. म्हणजे लिंटर होता, पण देव्हाऱ्यातल्या बंद पडलेल्या घड्याळासारखा. खरं सांगायचं तर निर्णय पैशांनी झाला. आमचा कोड गिटहबवर असतो, आणि तिथल्या फुकट प्लॅनमध्ये खाजगी रिपॉझिटरींसाठी बिल्डची (कोड आपोआप तपासून तयार करायची) महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. आमची वीस-बावीस तारखेलाच संपायची. पुढचे आठ दिवस बिल्ड माझ्या त्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर, कारण सरांचं कार्ड त्यांच्या पाकिटातून बाहेर येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बसले. गुरुवार म्हणजे दुपारपर्यंत लाइट नाहीत, इन्व्हर्टरवर राउटर आणि एक पंखा. बायोमची १.९ आवृत्ती होती तेव्हा. ईएसलिंटची कॉन्फिग आपोआप उतरवून घेणारी कमांड आहे, तिच्यावर भरवसा ठेवून चालवली. तिला यामल (कॉन्फिग लिहायची एक पद्धत) वाचता येत नाही आणि आमची फाइल नेमकी यामल. ती हाताने जेसनमध्ये आणली. मग उत्साहाच्या भरात प्रेटियरची कॉन्फिग उतरवायच्या आधीच सगळ्या प्रोजेक्टवर फॉरमॅट मारला. बायोम मुळात टॅब वापरतो, आम्ही दोन स्पेस. जवळजवळ प्रत्येक फाइल बदललेली. नशीब, पुश केलं नव्हतं.

नंतर लिंट चालवलं तर फक्त २० चुका. मी खूश, सरांना सांगूनही आले. जागेवर येऊन शेवटची ओळ वाचली तेव्हा कळलं की तो एका वेळी २० च दाखवतो, हजाराच्या वर झाकलेल्या आहेत. आकडा वाढवायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. सरांना मी अजून तरी हे सांगितलेलं नाही.

वेगाबद्दल मात्र तक्रार नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा वाटलं, काही झालंच नाही. एका फाइलमध्ये मुद्दाम न वापरलेलं व्हेरिएबल टाकून पुन्हा चालवलं तर ते बरोबर धरलं. ३८ सेकंदांचं काम दीड सेकंदात. नो-व्हेरिफाय लावायची सवय दोन आठवड्यांत आपोआप सुटली, कुणाला सांगावं लागलं नाही. १३ प्लगइनच्या ओळी जाऊन एक ओळ राहिली. मार्च महिन्यात फुकटची मिनिटं पहिल्यांदाच ३१ तारखेपर्यंत पुरली आणि सरांनी खालून सगळ्यांसाठी वडापाव मागवले. प्रेटियर मात्र पूर्ण गेला नाही, कारण आमच्या बिलांच्या छपाईच्या टेम्पलेटला एससीएसएस (रंगरूप ठरवणारी भाषा) आहे आणि ते बायोमला जमत नव्हतं. असो, तेवढ्याने अडत नाही.

इथवर लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. पण पुढे एप्रिल आला.

१ एप्रिलला सोसायट्यांचं नवं आर्थिक वर्ष, पावत्यांचे नंबर पुन्हा एकपासून. ३ तारखेला सकाळी साडेसातला सहकारनगरच्या एका सोसायटीतल्या खजिनदार काकांचा फोन. “अहो मॅडम, सात नंबरच्या पावत्या दोन निघाल्यात. एक कुलकर्ण्यांच्या हातात आहे नि एक शिंद्यांच्या. दोघंही माझ्या दारात उभे आहेत. खरी कुठली?”

दोन्ही खऱ्या होत्या. पावतीचा पुढचा नंबर डेटाबेसमध्ये लिहून ठेवणारं एक फंक्शन आहे. मार्चमध्ये त्या भागात फेरफार करताना त्याच्या आधीचं ‘अवेट’ (म्हणजे ‘काम होईपर्यंत थांब’) गळलं. नंबर लिहून व्हायच्या आत दुसऱ्या पावतीने जुनाच नंबर वाचला. चूक करणारी मीच. पण जुन्या सेटअपमध्ये ही चूक बिल्डच्या पुढे गेली नसती, कारण टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा ‘नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस’ नियम आमच्याकडे चालू होता. प्रॉमिस (अजून पुरं व्हायचं काम) न थांबता वाऱ्यावर सोडलं की तो ओरडतो. बायोमच्या १.९ मध्ये त्याच्या जोडीचा नियमच नव्हता, मग नव्या फाइलमध्ये तो येणार कुठून? मी जुनी नि नवी फाइल शेजारी ठेवून एकेक नियम ताडायला हवा होता. ताडला नाही. आपोआप उतरवणारी कमांड चालली म्हणजे सगळं उतरलं असं धरून चालले. काकांना नवी पावती काढून दिली, कुलकर्णी आणि शिंदे दोघांना फोन केले, आणि त्या दिवशी बायोमला मनात बऱ्याच शिव्या घातल्या.

मे महिन्यात मात्र ईएसलिंटला आधी दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागल्या. झालं काय, जुनी ब्रँच (कोडची जुनी प्रत) उघडून ‘टायमिंग’चं व्हेरिएबल १ करून ईएसलिंट चालवलं. असं केलं की कुठल्या नियमाने किती वेळ खाल्ला त्याचा तक्ता येतो. अर्ध्याहून जास्त वेळ एकट्या ‘इंपोर्ट/नो-सायकल’ने खाल्ला होता, म्हणजे फायली एकमेकींना गोल गोल इंपोर्ट करतात का ते तपासणारा नियम. त्याच्या खाली प्रेटियर, जो आम्ही लिंटरच्या आतून प्लगइन लावून पळवत होतो. शिवाय बिल्डचं फोल्डर वगळायला विसरलो होतो, म्हणजे स्वतःच तयार केलेला कोड रोज तपासायचो. हे तीन धोंडे काढले तर ३८ चे ११ सेकंद. तेही फुकटात, एका दुपारच्या कामात. आपल्याच घरातला नळ गळत होता आणि आम्ही टाकी बदलली. पुढे ऑगस्टमध्ये ईएसलिंटने एकाच वेळी अनेक थ्रेडवर लिंट करायची सोयही आणली. तरी परत जावंसं वाटलं नाही. ११ सेकंद आणि दीड सेकंद यात फरक आहेच; ११ सेकंदांत माणूस फोन हातात घेतो.

जूनमध्ये बायोम २ आलं. त्यात टाइप बघून तपासणारे नियम आहेत, टाइपस्क्रिप्टचा कंपायलर न लावता, आणि त्यात वाऱ्यावरच्या प्रॉमिसचाही नियम आहे. पण तो ‘नर्सरी’त, म्हणजे आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट जेवढं पकडतं त्याच्या साधारण ७५ टक्के हा पकडतो. चालू केल्याबरोबर दीड सेकंदाचे सहा झाले, कारण त्याला सगळा प्रोजेक्ट आधी चाळावा लागतो. आमच्याकडे त्याने पाच जागा दाखवल्या, त्यातल्या दोन पावत्यांच्या भागातल्या. मी तरी पैशांच्या कोडला ७५ टक्क्यांवर सोडणार नाही. म्हणून रोज रात्री एकदा, फक्त मेन ब्रँचवर, फक्त त्या एका नियमासाठी ईएसलिंट चालतं. म्हणजे सोडचिठ्ठी देऊनही त्याचं रात्रीचं जेवण आमच्याकडेच. कोरा प्रोजेक्ट असेल तर थेट बायोम घ्या. जुना असेल आणि त्यात पैसे फिरत असतील तर दोन्ही फायली आधी शेजारी ठेवा.

आता ‘एक्स्प्लनेशन’कडे येते.

ईएसलिंटमध्ये नियम एखाद्या ओळीपुरता बंद केला तर कारण लिहिणं ऐच्छिक, दोन डॅश देऊन लिहिलं तर लिहिलं. बायोममध्ये सक्तीचं. कोलननंतर काहीतरी हवंच, नाहीतर ती कॉमेंट तो मानतच नाही. आमच्याकडे ईएसलिंट-डिसेबलच्या १८७ कॉमेंट होत्या, एकीलाही कारण नाही. त्या एकेक उघडून बघायला मला तीन शनिवार लागले. चाळीसेक तर बिनकामाच्या निघाल्या, नियम केव्हाच बंद झालेला. एका ठिकाणी तीनऐवजी दोनच बरोबरची चिन्हं लावून (म्हणजे १२ हा आकडा नि ‘१२’ हा मजकूर एकच धरून) फ्लॅट नंबर ताडलेला, वर नियम बंद. बदलणारच होते, पण हात थांबला. परदेशी गेलेल्या त्या आधीच्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲप केलं. रात्री दीडला उत्तर: “एक्सेलमधून येतं ते. काही सोसायट्यांचा १२ हा आकडा असतो, काहींचा मजकूर. तीन लावलेस तर सिंहगड रोडच्या निम्म्या सोसायट्यांची थकबाकी शून्य दिसेल.” हे वाक्य मी जसंच्या तसं मराठीत कोलनपुढे चिकटवलं. सप्टेंबरमध्ये ज्युनिअरने ती फाइल उघडली, वाचली आणि म्हणाली, “ताई, बरं झालं लिहिलंय, मी तिसरं चिन्ह टाकणारच होते.” या एका सोयीसाठी मी बायोमचं सगळं माफ केलं असतं.

आणि मग हेच लोक एडिटरमध्ये एक क्विक फिक्स देतात. चुकीच्या ओळीवर जा, बल्बवर क्लिक करा, ‘सप्रेस’ निवडा. कॉमेंट आपोआप येते, आणि कारणाच्या जागी येतं टोकदार कंसातलं ‘एक्स्प्लनेशन’. तिथे तुम्ही कारण लिहावं अशी अपेक्षा. पण नाही लिहिलं तर? तर तेच कारण म्हणून चालतं! कोलनपुढे काहीतरी आहे ना, मग झालं. दारात वॉचमन बसवायचा, येणाऱ्याला ‘काम काय’ म्हणून अडवायचं, आणि ‘काम’ असा शिक्का त्याच्याच हातात द्यायचा, त्यातली गत. कमांड लाइनवरूनही तसंच, कारण दिलं नाही तर हाच शब्द छापून मोकळा. तो शब्द रिकामा धरा आणि चूक दाखवा, एवढंच तर करायचंय. याच्यावर मी ऑफिसात इतकी बोललेय की आता सर जेवताना विषय काढू देत नाहीत.

शेवटी आज सकाळी बिल्डमध्ये ग्रेपची (मजकूर शोधणाऱ्या कमांडची) एक ओळ घातली. टोकदार कंसातला तो शब्द कुठेही सापडला की बिल्ड पाडायचा. अर्थात लगेच पडला. ज्युनिअरने दुपारपर्यंत तिच्यातल्या वीसेक ठिकाणी कारणं लिहिली, त्यातलं एक “ताईंनी सांगितलं म्हणून” आहे, ते मी परत पाठवलंय. माझ्या ११ पैकी सातांची लिहून झाली. उरलेले चार नियम मी का बंद केले होते, ते मला आठवत नाहीये, आणि विचारायला दुसरं कुणी नाही.