‘एल’ पाटीच्या गाडीचा विमा: काय मिळतं, कुठे अडतं

पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतली की एजंट साधी प्रायव्हेट कारची पॅकेज पॉलिसी पुढे करतो. सांगतो, ‘शिकाऊ लायसन्सवालाही चालतो, पॉलिसीतच लिहिलंय.’ ते अर्धं खरं आहे. ‘ड्रायव्हर्स क्लॉज’मध्ये शिकाऊ लायसन्सधारकाला परवानगी असते, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 3 पाळला तरच. म्हणजे शेजारी वैध लायसन्स असलेला माणूस हवा, तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा आणि पुढे-मागे ‘एल’ पाटी हवी. घरातल्या मुलाला शिकवायला एवढं पुरतं.

स्कूल मात्र फी घेतं. त्याच पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो आणि त्यात भाड्यासाठी किंवा मोबदल्यासाठी होणारा वापर वगळलेला असतो. क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर नेमकं त्यावर बोट ठेवतो. त्यामुळे प्रपोजल फॉर्मवर ‘ड्रायव्हिंग ट्यूशनसाठी वापर’ असं स्पष्ट लिहून, जादा प्रीमियम भरून तसं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली नोंद, घ्यावंच. ते पॉलिसीच्या कागदावर छापून आलंय का, हे डोळ्यांनी बघावं. एजंटच्या तोंडी ‘हो’ला क्लेमच्या दिवशी काही किंमत नसते.

हे एंडोर्समेंट असलेली पॉलिसी थर्ड पार्टीसाठी, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या नुकसानीसाठी, भक्कम आहे. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा सहा हजारांवर आणून शंभरेक रुपये वाचवायचा पर्याय असतो, तो ड्रायव्हिंग स्कूलने घेऊ नये. नव्या विद्यार्थ्याचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला की समोरच्या गाडीचं मागचं दार आणि डिकी एवढ्यातच सहा हजार संपतात. शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात 2004 मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे केवळ ‘चालवणारा शिकाऊ होता’ म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

शिकाऊ लायसन्सच नसेल तर गोष्ट वेगळी. ते सहा महिन्यांचं असतं. कोणी मधेच गावाला जातो, परत येईपर्यंत मुदत संपते आणि शिकवणारे सर सवयीने किल्ली देतात. कोणी ‘लायसन्स येईपर्यंत एक चक्कर’ म्हणून स्टिअरिंगवर बसतो. अशा अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण जखमीला कंपनीकडून पैसे द्यायला लावू शकतं आणि कंपनीला ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. नमुना 14 ची विद्यार्थी नोंदवही आणि नमुना 15 ची तासांची वही रोजच्या रोज भरलेली असावी, ती यासाठीच. अपघातानंतर एकाच शाईत भरलेली पानं सर्व्हेअर लगेच ओळखतो.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला ही पॉलिसी तोकडी पडते. स्कूलच्या गाडीचा नेहमीचा मार म्हणजे बंपर आणि बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे क्लेममधून निम्मी किंमत कापली जाते. समजा बंपर 4,800 चा आणि रंगकाम 3,200 चं. बंपरचे मिळतात 2,400. रंगाच्या बिलातला 25 टक्के भाग साहित्याचा धरून त्यावर 50 टक्के कापतात, म्हणजे 2,800 उरतात. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीचे मालकाने सक्तीने सोसायचे 1,000 वजा केले की 8,000 च्या बिलापोटी हाती येतात 4,200, जीएसटी सोडून. वर पुढच्या वर्षीचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट, शून्य. तो 50 टक्क्यांवर पोचला असेल आणि ओन डॅमेजचा (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम 9,000 असेल, तर 4,200 मिळवायला 4,500 घालवले. असा क्लेम करूच नये. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घ्यायचंच असेल, तर ट्यूशनच्या वापराला ते लागू आहे का आणि वर्षाला किती क्लेम चालतात, हे आधी लेखी विचारा. क्लच प्लेटचा तर विषयच नाही. चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लच शिकवताना ती जळते आणि झीज विम्यात बसत नाही.

ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी बसवलेली जादा पेडलं, ही कंपनीतून आलेली वस्तू नव्हे, म्हणून किंमत टाकून वेगळी नोंदवावी. शिकवणाऱ्याच्या बाजूच्या क्लच आणि ब्रेकच्या पेडलची केबल ताणून सैल होते किंवा ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा जातो. अपघातानंतर ब्रेक लागलाच नाही असं दिसलं, तर गाडीची निगा नीट राखली नाही असा मुद्दा निघतो. दर महिन्याला गॅरेजमध्ये तपासून बिल फाइलला लावा.

सर्वांत मोठी उणीव माणसांच्या बाबतीत आहे आणि तिची आम्हाला खरी काळजी वाटते. 15 लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा. मालकाकडे स्वतःचं लायसन्स हवं आणि गाडी फर्मच्या नावावर असेल तर तो मिळतच नाही. पगारी सर त्यात येत नाहीत. पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचं आयएमटी 28 नावाचं एंडोर्समेंट घेतलं तरी ‘ते चालवत नव्हते, शेजारी बसले होते’ हा वाद उरतो. म्हणून इतर कर्मचाऱ्यांचं आयएमटी 29 सुद्धा घ्यावं, प्रीमियम नाममात्र आहे. स्टिअरिंगवरचा विद्यार्थी तर अधांतरीच. तो चालक, म्हणून थर्ड पार्टी नाही. अनामिक (नाव न नोंदवलेल्या) प्रवाशांच्या कव्हरमध्ये तो धरला जाईल का, हे कंपनीकडून ईमेलवर घ्या. नाही म्हणाले, तर विद्यार्थ्यांचा वेगळा ग्रुप अपघात विमा काढा आणि तो खर्च फीमध्ये धरा.

दुचाकी शिकवणाऱ्यांनी हे आणखी मनावर घ्यावं, तिथे ड्युअल कंट्रोलही नसतो.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. एकट्या मालकाच्या व्यवसायाची पॉलिसी तिथे चालते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जा आणि दोन्ही नोंदवह्यांच्या प्रती सोबत न्या.