साताऱ्यातला कातळ चढायचा रविवार वर्ग: एका शिवणकामवालीचा अभिप्राय

वर्ग उत्तम, टी-शर्ट टाकाऊ. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. फी भरण्याआधी काय विचारायचं आणि काय घालून जायचं हे हवं असेल त्यांनी पुढं वाचा.

माझं साताऱ्यात शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल. वय पन्नाशीच्या पुढं. गिर्यारोहणाशी संबंध म्हणाल तर अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या दर्शनाला चालत जाणं, तेवढाच. हा वर्ग शहरातल्या एका गिरिभ्रमण मंडळाचा आहे. शिकवणारी सगळी माणसं आपापली नोकरी, धंदा सांभाळून येतात, पगारी कुणी नाही. थंडीतले रविवार यवतेश्वरच्या बाजूला कातळावर आणि मधल्या वारी एक संध्याकाळ शाळेच्या हॉलमध्ये. फी तीन हजार. दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, त्यालाच दोर जोडतात), हेल्मेट त्यांचं, चहा-नाश्ता आपला.

सुरुवातीला कातळाचं नावही काढत नाहीत. हॉलमध्ये बसून नुसत्या गाठी. फिगर ऑफ एट, बोलाईन, क्लोव्ह हिच, प्रुसिक. दोर बांधायचा तो बाकाच्या पायाला. कॉलेजची पोरं कुरकुरायला लागली, ‘तीन हजार काय गाठी मारायला दिले होय?’ मोठे सर (सगळे त्यांना तसंच म्हणतात) शांतपणे प्रत्येकाची गाठ बघत फिरायचे. गाठ बरोबर असली तरी दोन पदर एकमेकांवर चढलेले दिसले की, ‘सोडा, परत मारा.’ पदर शेजारी-शेजारी, न पिळलेले बसले पाहिजेत. कारण नेटकी गाठ लांबून एका नजरेत तपासता येते, आणि दिवसभर भार घेऊनही नंतर सुटते. शेपूट चांगलं वीतभर उरलं पाहिजे. हे सगळं मला फार आवडलं. उलट्या बाजूनं शिलाई बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला कपडा देत नाही, त्यामुळं असेल.

त्यातली प्रुसिक गाठ तर मी घरी मशीनच्या पायाला दोरी बांधून पोरांना दाखवली. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ साली ती लोकांपुढं आणली. बारीक दोरीचं कडं जाड दोराभोवती गुंडाळायचं. भार नसेल तर ते हातानं खालीवर सरकतं, भार आला की आवळून जागच्या जागी थांबतं. दोरावरून खाली उतरताना ही गाठ सोबत ठेवायची. हात सुटला, चक्कर आली, वरून दगड लागला, तरी माणूस खाली न जाता तिथंच लटकून राहतो. दोराच्या खालच्या टोकालाही गाठ मारून ठेवायला लावतात. जमीन यायच्या आधी दोर संपला आणि टोक उतरायच्या साधनातून निसटून गेलं, असे अपघात जाणत्या माणसांचेही झालेले आहेत म्हणे.

आता माझ्या विषयाचं. दोर नायलॉनचा असतो. आत पांढऱ्या तंतूंचा गाभा, बाहेर विणलेली खोळ. बहुतेक भार गाभा पेलतो, खोळ त्याला जपते. म्हणून दोरावर पाय दिलेला तिथं चालत नाही. बुटाखालची बारीक कच खोळीतून आत शिरते आणि तंतू कापत बसते, वरून काही दिसत नाही. एका पोरानं दोर ओलांडायच्या ऐवजी तुडवला तर त्याला सगळ्यांदेखत दोर गुंडाळायला लावला, पूर्ण. आणखी एक गोष्ट. नायलॉनची फीत कापली की मी तिचं टोक मेणबत्तीवर धरते, कड वितळून बंद होते, धागे सुटत नाहीत. तोच गुण कातळावर जिवावर बेततो. भार असलेला दोर दुसऱ्या नायलॉनच्या फितीवरून सरसर घासत गेला की त्या उष्णतेनंच फीत वितळून तुटते. म्हणून दोर जायचा तो धातूच्या कॅराबिनरमधूनच (तोंड उघडून मिटता येणारी कडी), फितीतून कधीही नाही. हे सरांनी सांगितलं तेव्हा बाकीचे लिहून घेत होते. मला ते आधीच पटलेलं होतं.

हार्नेस हातात आल्यावर मी आधी शिलाई बघितली, सवयच आहे. जिथं भार येतो तिथं आडव्या टाक्यांचे दाट पट्टे मारलेले असतात आणि दोरा मुद्दाम फितीपेक्षा वेगळ्या रंगाचा. काळ्या फितीवर पिवळा, लालवर पांढरा. झिजलेला टाका लगेच डोळ्यात भरावा म्हणून. आमच्याकडं उलट, दोरा कापडाशी जुळला नाही तर गिऱ्हाईक भांडतं. एका हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्यावर चार-पाच टाके उकललेले दिसले. मी म्हटलं, ‘सर, द्या इकडं, उद्या दुकानात जाड दोऱ्यानं पक्की करून आणते.’ सरांनी ती हार्नेस हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, ‘काकू, हे घरच्या मशीनचं काम नाही. वाईट वाटून घेऊ नका.’ पिशवीतली कात्री काढली आणि कमरेचा पट्टा, मांडीचे पट्टे सगळे कापून टाकले. चांगली, वापरती दिसणारी वस्तू! माझ्या पोटात गोळा आला. नुसती बाजूला ठेवली तर पुढच्या रविवारी घाईत कुणीतरी तीच उचलून चढवेल, म्हणून कापायची. मग वहीत त्या हार्नेसच्या नंबरापुढं ‘बाद’ लिहिलं. त्यांच्याकडं प्रत्येक दोराची आणि हार्नेसची नोंद असते, कधी घेतली, कुठं वापरली, काय दिसलं. माझ्या मते तीन हजारातले दोन हजार ह्या वहीचे आहेत.

कॅराबिनरवर बारीक अक्षरात आकडे कोरलेले असतात, तेही वाचायला शिकवतात. उभ्या दिशेला २२ किलोन्यूटन वगैरे, म्हणजे साधारण २२०० किलो. तेच तोंड उघडं राहिलं किंवा भार आडवा आला तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून स्क्रू बंद केला का हे डोळ्यांनी बघायचं, वर हातानं दाबूनही बघायचं, आणि जोडीदारानं तुमचं परत बघायचं. नवरा-बायको एकाच बॅचला असतील तर जोडी वेगळी लावतात. हे शहाणपणाचं आहे, आमच्या बॅचमध्ये एक जोडपं होतं, कारण कळलं.

आता तक्रारी. हार्नेस सगळ्या सडपातळ पोरांच्या मापाच्या. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, नाहीतर उलटं झाल्यावर माणूस निसटू शकतो, हे तेच सांगतात, आणि माझ्यासारखीला तो तिथं बसून बकलातून पुरेशी शेपटी उरेल अशी हार्नेस अख्ख्या पिशवीत एकच. ती दुसऱ्या बाईंनी घातली की मी थांबायचं. पुढच्या बॅचला मोठ्या मापाच्या घेऊ म्हणालेत. तुम्ही फी भरायच्या आधी विचारा. दुसरं, कातळापाशी बायकांसाठी आडोशाची काहीच सोय नाही. एक तंबू उभा करायला काय जातं? तिसरं टी-शर्टचं. फीमध्येच धरलेला, नको म्हणता येत नाही. खांद्याची शिवण पहिल्या धुण्यात वाकडी, बगलेत इंटरलॉक सुटलेलं, आणि छातीवर एवढं जाड छापकाम की घाम बाहेर जायला जागा नाही. हार्नेसचा टाका भिंगातून बघणाऱ्या मंडळानं असला कपडा वाटावा!

कपड्यांचं सांगते. ओढणी घरीच. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत. उतरताना ओढणी किंवा वेणी त्या उतरायच्या साधनात ओढली गेली तर माणूस मधेच अडकतो आणि सोडवायला दुसऱ्याला दोरावर यावं लागतं. बाजारातल्या घट्ट पँटपेक्षा सुती सलवार शिवून घ्या, आसन सैल, घोट्याला अरुंद, नेफ्यात नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, कारण नाडीची गाठ हार्नेसखाली टोचते. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. सेंट, अत्तर, वासाचं तेल अजिबात नाही.

हे शेवटचं आग्या मोहोळांमुळं. आपल्याकडच्या कड्यांच्या पोटात ती लागतात आणि वासानं, धुरानं, गोंगाटानं उठतात. एका रविवारी आम्ही साहित्य घेऊन कातळाखाली पोचलो, सर दुर्बिणीतून वर बघत बसले आणि म्हणाले, ‘आज नाही. चला खाली.’ चढायच्या रेषेच्या जवळच नवं मोहोळ बसलेलं. एक गृहस्थ कोरेगावहून पेट्रोल जाळून आले होते, ते बरेच तापले. सरांनी वाद घातला नाही, खाली येऊन झाडाला दोर बांधून जखमी माणूस उचलायचा सराव घेतला. मला विचाराल तर त्या दिवशी मंडळावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला. पावसाळ्यात धबधब्याशेजारी एका दिवसात शंभरेक माणसं दोरावरून उतरवणारे कार्यक्रम होतात, तसला एक मी बघितलाय. रांग, मोठ्यानं गाणी, फोटो, पुढचा. तिथं वर मोहोळ आहे का बघायला कुणाला वेळ असणार?

प्रत्यक्ष चढण्याबद्दल थोडक्यात. आपला कातळ बेसाल्टचा. कोरडा असला की पकड सुंदर, पण थरांच्या मधे मुरूम आणि गवत, तिथं हाताला आलेलं सगळं खरं नसतं. धरण्याआधी होल्ड, म्हणजे पकडायची जागा, ठोकून बघायचा, पोकळ वाजला तर सोडायचा. दोन हात, दोन पाय यांतले तीन टेकलेलेच, चौथा हलवायचा. बऱ्याच बायकांना सुरुवातीला जमतं ते पोरांना जमत नाही, कारण पोरं हातांनी स्वतःला ओढतात आणि लगेच दमतात. पायांवर उभं राहायचं असतं. बॅचमधल्या दोन मुलींना साताऱ्याच्याच प्रियांका मोहितेसारखं व्हायचंय, २०१३ ला एव्हरेस्ट आणि २०२१ ला अन्नपूर्णा चढलेली. त्यांना सरांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सचं सांगितलं, आणि त्यासाठी आत्तापासून पाठीवर वजन घेऊन अजिंक्यतारा चढायला लावलंय. मला तसलं काही नको. मला खाली उभं राहून बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, जास्त आवडतं. वरच्याचा दोर आपल्या हातात, खालचा हात कधीच सोडायचा नाही, लक्ष वर. माझ्याएवढी टक लावून बघणारी बिलेर बॅचमध्ये नव्हती, असं पोरंच म्हणाली.

नाव नोंदवताना मंडळाकडं राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालच्या नोंदणीचं आणि विम्याचं जरूर विचारा. हे लोक न चिडता कागद दाखवतात. पावसाळ्यात कातळ शेवाळतो म्हणून वर्ग बंद, नोंदणी दिवाळीनंतर. बीपी, शुगर असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि अठराच्या खालच्या मुलांना आई-वडिलांपैकी एकानं स्वतः येऊन सही करावी लागते. मामा-काका चालत नाहीत, भांडून उपयोग नाही.