९ फुटी ५ नंबरचा फ्लाय रॉड सेट: ८ महिन्यांचा अनुभव, इंदौरची बाग आणि तीर्थन नदी

एप्रिलमध्ये मासे धरायचा हा सेट घेतला, म्हणजे रॉड (काठी), रील (दोरी गुंडाळायची चरखी) आणि लाइन (दोरी); आता डिसेंबर लागलाय, म्हणजे लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो, रॉड उत्तम आहे, रील चालून जाते, पण सेटसोबत येणारी लाइन बदलावीच लागते. मला हे कळायला पाच महिने गेले आणि तोवर मी सगळा दोष माझ्या हाताला देत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी फक्त गळ टाकलाय त्यांच्यासाठी थोडं. गळाला शिसं असतं, ते जड असल्यामुळे दोरीला ओढत घेऊन जातं. फ्लायमध्ये उलटं आहे. आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेला किडा, त्याला वजनच नाही, त्यामुळे वजन दोरीत ठेवलेलं असतं आणि दोरी किड्याला घेऊन जाते. ५ नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम, रॉडही त्याच नंबरचा हवा. म्हणजे फेक जमणार की नाही हे निम्मं लाइनवरच ठरतं.

हा रॉड मी ट्राउट माशासाठी घेतला, पण ट्राउट इंदौरात कुठून येणार, त्याला थंड पाणी लागतं, २० डिग्रीच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. म्हणून प्रॅक्टिस कॉलनीच्या बागेत, सकाळी सहाला, हिरवळीवर, आकड्याच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. बाबा बाकावर बसायचे. त्यांनी तरुणपणी मंडलेश्वरला नर्मदेवर गळ टाकून खूप मासे धरलेत, फ्लाय रॉड मात्र कधी हातात घेतला नव्हता, तरी आठव्या-दहाव्या दिवशी म्हणाले, "अरे, दोरी मागे पूर्ण जाऊ तरी दे, मग हात पुढे आण." एवढीच तर गोष्ट आहे! मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. फेकणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही, बाजूला बसलेल्याला दिसतं, तेव्हा सुरुवातीला कुणालातरी सोबत घेऊन जा.

मे महिन्यात त्रास सुरू झाला. ४२ डिग्रीत लाइन चिकट व्हायची, रॉडवरच्या कड्यांतून सरकायचीच नाही, आणि रीलवरून काढली की स्प्रिंगसारखे वेटोळे तसेच राहायचे. साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, ताणून ठेवली, दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच. गणपतीत बडोद्याहून आतेभाऊ आला, त्याने स्वतःची लाइन माझ्या रीलवर चढवून दिली, आणि त्याच रॉडने, त्याच हाताने, पहिल्याच फेकीत लोकर जिथे नेम धरला होता तिथेच पडली. दुसऱ्या दिवशी नवीन फ्लोटिंग (पाण्यावर तरंगणारी) लाइन मागवली, पुढचा भाग जड असलेली. सेटच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश पैसे गेले पण पश्चात्ताप नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचल, कुल्लूची तीर्थन नदी. चार तुकड्यांचा रॉड असल्याने तो ठेवायची नळी जेमतेम पाऊण मीटरची होते, गाडीत वरच्या बर्थवर डोक्याशी ठेवली, चंडीगडहून मनालीची बस, औटला उतरून बंजार, पुढे गुशैनी. परवाना मत्स्य खात्याचा काढावाच लागतो. आणि वेळ हीच का, तर पावसाळ्याचा गढूळपणा सप्टेंबरअखेर उतरतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. मधला तेवढा एक महिना पाणी काचेसारखं असतं. पाण्यात उतरलात तर बारीक खडीचा धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला की त्यावर पाय देऊ नका, माद्या शेपटीने खडी उकरून तिथेच अंडी घालतात.

पहिला दिवस कोरा गेला. मी बागेतल्यासारखा चाळीस-चाळीस फूट फेकत होतो, मध्ये तीन वेगवेगळे प्रवाह, प्रत्येक प्रवाह लाइनला आपल्याकडे ओढणार आणि किडा पाण्यावर फरफटत जाणार. खरा किडा असा जात नाही, माशाला ते लगेच कळतं. सोबतचा गावातला गाइड म्हणाला, "साहब, पहले पैरों के पास वाला पानी देखो." मग पंधरा फुटांवर, मोठ्या धोंड्यामागे जिथे पाणी मंदावतं तिथे, रॉड उंच धरून, लाइन पाण्याला जवळपास लागूच न देता मण्याचा निम्फ (मणी लावून जड केलेला, पाण्याखाली जाणारा किडा) सोडला. ९ फूट लांबीचा फायदा तिथे कळला.

तिसऱ्या फेकीला लाइनचं टोक वाहता वाहता थांबलं. धक्का नाही, झटका नाही, नुसतं थांबलं. मी मनगट उचललं आणि रॉड मुठीपर्यंत वाकला, रील करकरली. वीतभर आणि वर चार बोटं असा ब्राउन ट्राउट, अंगावर काळे ठिपके आणि मधूनमधून लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. हात आधी पाण्यात बुडवून घेतले, कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आकड्याला उलटा काटा नव्हता, लगेच सुटला. दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून धरला, कल्ले उघडमीट करत होते, मग एकदम जोर लावून गेला. माझे हात कापत होते, थंडीने की आनंदाने कोण जाणे.

सहा दिवसांत अकरा मासे, सगळे सोडले.

आता रॉडच्या तक्रारी. दुसऱ्या दिवशी फेकता फेकता टोकाचा तुकडा निसटून लाइनवरून घरंगळत पाण्यात गेला. सांधा सैल पडला होता. मेणबत्तीचं मेण सांध्यावर चोळून, थोडा पीळ देऊन बसवला, मग प्रश्न आला नाही, पण दर अर्ध्या तासाने चाचपून बघायची सवय लावा. मुठीच्या बुचाला पावसाळ्यात बुरशी धरली कारण मी ओला रॉड नळीत घातला होता, ती चूक माझी. रील वाळूवर ठेवू नका, कण शिरले की घासते. सेटमधला लीडर (लाइन आणि किडा यांच्यामधली बारीक दोरी) जाड वाटला, मी ९ फुटी ५एक्स जाडीचा लावला, टोकाला साधारण ०.१५ मिलिमीटर. आणि बूट! माझे ट्रेकिंगचे बूट गोट्यांवर घसरले, गुडघा फुटला, पाणी ११ डिग्री. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याचे घ्या, आणि दुसऱ्या नदीत उतरण्याआधी पूर्ण वाळवा, नाहीतर एका पाण्यातलं शेवाळ दुसऱ्यात जातं.

सध्या लाइन रीलवरून काढून मोठ्या वेटोळ्यांत खिळ्याला टांगून ठेवली आहे, खोलीतल्या गार भिंतीवर. १ मार्चला नदी पुन्हा उघडते. नंतर बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून मी मार्चचा पहिला पंधरवडाच धरणार, आणि या वेळी बाबाही यायचं म्हणतायत.