वीज तीच, मीटर तोच, बिलं मात्र दोघांची

विजेचा पुरवठादार बदलून आठ महिने झाले. अनुभव तेव्हाच लिहिणार होते, पण जुन्या कंपनीचं शेवटचं बिल मिटायलाच चार महिने गेले.

बदलण्यात काही अवघड नाही. ऑनलाइन अर्ज, ग्राहक क्रमांक, जुनं बिल, थकबाकी शून्य. लाइट मिनिटभरही गेली नाही. सासूबाई चार दिवस विचारत होत्या, "नवा करंट कसा आहे गं?" तारा त्याच, मीटर तोच, बदललं ते फक्त बिल पाठवणारं.

घोळ झाला बदलाच्या दिवशीच्या रीडिंगचा. जुन्यांचा शेवटचा आकडा तोच नव्यांचा पहिला आकडा हवा. नव्या कंपनीनं माझ्या फोटोवरून १८,४३२ धरलं. जुन्या कंपनीचा माणूस फिरकलाच नाही, त्यांनी अंदाजे १८,६१० टाकलं. म्हणजे १७८ युनिटचे पैसे जुने घेणार, आणि पुढे तेच युनिट वापरले की नवेही लावणार. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर. या हिशेबानं २००० वॅटचा गीझर ८९ तास! अंदाज काढला होता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून. यंदा आम्ही तीन आठवडे घरात नव्हतो, फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद केला होता.

फोटोनं वाचवलं, पण पहिला फोटो फुकट गेला होता. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीनं येतात: तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी, मग कधीतरी युनिट. मी घाईत तारखेचाच फोटो काढला, वर टॉर्चचा उजेड काचेवर. दुसऱ्यांदा टॉर्च तिरका धरला आणि युनिटची, म्हणजे किलोवॅट-तासाची, kWh ही खूण दिसेपर्यंत थांबले. मीटर क्रमांक त्याच फोटोत येऊ द्या, नाहीतर "हा तुमचाच मीटर कशावरून?" हे ऐकावं लागतं.

तक्रार केली तर जुने म्हणाले नव्यांना विचारा, नवे म्हणाले जुन्यांना. शेवटी दोघांना एकच मेल केला: फोटो, दोन्ही बिलं, आणि एवढंच विचारलं, "१८,६१० हा आकडा मीटरवर कुणी, कधी वाचला?" पंधरा दिवसांत जुन्यांचं बिल दुरुस्त झालं. त्याच बिलात स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरलेली रक्कम) पूर्ण महिन्याचा होता, जोडणी त्यांच्याकडे अकराच दिवस. तोही कमी करून घेतला.

माझी चूक ऑटो-पेची. चालू ठेवल्यामुळे चुकीच्या बिलाचे पैसे आधीच कापले गेले. बिल दुरुस्त झालं तरी पैसे परत यायला अजून दोन महिने, आणि सुरक्षा ठेव त्याहून उशिरा. आता ऑटो-पेला कमाल रकमेची मर्यादा घातली आहे.

बचत होते, पण जाहिरातीतल्याइतकी नाही. कमी झाला तो प्रति युनिट वीजदर. वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि करांचे दर होते तिथेच आहेत. मी फक्त दर पाहून अर्ज केला, जुन्या बिलातला प्रत्येक आकार वेगळा काढून बघायला हवा होता.

मध्ये एका रात्री लाइट गेली तेव्हा नव्या कंपनीला फोन लावला. त्यांनी शांतपणे तारांची देखभाल करणाऱ्यांचा नंबर दिला. तो आता मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलाय.