नव्या रेसिडेंटसाठी दोन दिवसांचं सिम्युलेशन ट्रेनिंग केलं, ४००० रुपये वसूल झाले का?

मेडिसिनला जेआर १ (पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट) म्हणून लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हा हे ट्रेनिंग केलं. सेंटर नागपुरातलंच, नाव लिहीत नाही कारण खाली थोडं रडगाणं पण आहे आणि नागपूर तसं लहानच, कोण कोणाचे सर निघतील काही भरोसा नाही. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२३ च्या नियमांनी पीजीला लाइफ सपोर्टचं सर्टिफिकेट लागतंच, म्हणून अर्धी बॅच तेवढ्यासाठीच आली होती, मी पण त्यासाठीच गेली होती, खोटं कशाला बोलू.

पहिला दिवस सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे सगळ्यांना पाठ असतं, पण डमीला जोडलेल्या स्क्रीनवर स्वतःचा ग्राफ बघितला तेव्हा कळलं की आपण दीड मिनिटातच ढेपाळून राहिलो, दर २ मिनिटांनी माणूस बदला असं का सांगतात ते तिथे समजलं. इंट्युबेशनचा, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकायचा, डमी मात्र मला नाही पटला. रबराची मान, ना थुंकी ना रक्त ना उलटी, सिलिकॉन स्प्रे मारला की ट्यूब सर्रकन आत, तिसऱ्या वेळेपर्यंत सगळेच हीरो. खऱ्या पेशंटवर असं काही होत नसते हे तिथे कोणीतरी बोलायला पाहिजे होतं, असल्या कॉन्फिडन्सपेक्षा भीती बरी.

पण हा रिव्ह्यू मी लिहून राहिली आहे तो दुसऱ्या दिवसासाठी. एक खोली, बेड, मॉनिटर, ट्रॉली, एक ब्रदर (नर्स), काचेमागे शिकवणाऱ्या मॅडम. डमी पेशंटला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं आणि पाच मिनिटांत अंगावर गांधी, छातीत घरघर, बीपी ७०. अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावरची अ‍ॅलर्जी. पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, अर्धा अँप्युल, मांडीच्या स्नायूत (आयएम), झोपेतून उठवून विचारा, सांगेन. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "अ‍ॅव्हिल-हायड्रोकॉर्ट द्या"! ती नंतरची औषधं, पण इंटर्नशिपभर तेच ऐकलेलं ना. मग आठवलं तेव्हा म्हटलं "कोणीतरी अ‍ॅड्रेनालिन भरा", आणि कोणीच भरलं नाही, कारण कोणीतरी नावाचा माणूस त्या खोलीत नव्हताच. ऑक्सिजन सॅच्युरेशन पडत गेलं तसा मॉनिटरचा टींटीं आवाज जाड होत गेला, माझे हात बर्फ. मला वाटलं एखादं मिनिट गेलं असेल. व्हिडिओ लावला तर ४ मिनिटं १० सेकंद.

त्यानंतर मॅडमनी पाऊण तास डिब्रीफिंग (काय झालं, का झालं यावर बोलणं) घेतलं, आणि माझे पैसे त्याच पाऊण तासात वसूल. ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं की अ‍ॅव्हिल म्हणालीस तेव्हा डोक्यात काय चालू होतं? राउंडवर असं कोणी विचारते का, तिथे डायरेक्ट धुलाई. मग ब्रदरला विचारलं तर तो म्हणाला, "डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या." लगेच तोच सीन परत. नाव घेऊन सांगायचं, समोरच्यानं डोस परत म्हणून दाखवायचा, दिलं की "दिलं" म्हणायचं. या वेळी ५० सेकंद.

आता रडगाणं. ट्रॉलीत सगळं जागच्या जागी होतं, खऱ्या नाइटला असं सुख कुठे, अर्धा वेळ तर नातेवाइकाला चिठ्ठी देऊन मेडिकल स्टोअरला पळवण्यात जातो. आणि नातेवाईक तर एकाही सीनमध्ये नव्हते! मला डमीपेक्षा बेडभोवतीच्या पंधरा लोकांची जास्त भीती वाटते बावा. दुसरं म्हणजे सगळे केस पुस्तकातले. विदर्भात कॅज्युअल्टीला फवारणीचं विष पोटात गेलेला येतो, मण्यार चावलेला येतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत उष्माघातवाला येतो. विषवाल्याला छाती मोकळी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन दुप्पट करत जायचं, याची प्रॅक्टिस मला हार्ट ब्लॉकपेक्षा कितीतरी जास्त कामाची होती. आणि बॅच! एका डमीमागे बारा जण, त्यातले चार भिंतीला टेकून मोबाइल पाहून राहिले होते. दुसऱ्या दिवशीचे तर्री पोहे मात्र एक नंबर.

दोन आठवड्यांनी वॉर्डात रात्री अडीचला खरंच एक पेशंट अँटिबायोटिकनंतर असाच बिघडला. हात थरथरतच होते, ते काही थांबलं नाही. पण सिस्टरचं नाव घेऊन अ‍ॅड्रेनालिन सांगितलं, घड्याळ बघितलं, अ‍ॅव्हिल नंतर. पेशंट सकाळी चहा मागत होता.

बुकिंग करायच्या आधी फोन करून एवढंच विचारा की एका डमीमागे किती जण आणि प्रत्येकाला लीडर म्हणून किती सीन मिळतात. मला एकच मिळाला, परत केला तो धरून दोन. सहाच्या वर माणसं सांगितली तर पुढच्या बॅचला थांबा.